निवासी मानसोपचार केंद्रात कोऑर्डिनेटरचं काम नक्की काय असतं, आणि मला जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा होता: एमएसडब्ल्यू झालंय, वय २६, पुण्याजवळच्या एका निवासी मानसोपचार केंद्रातून कोऑर्डिनेटरची ऑफर आलीये, सायकॉलॉजी शिकलेली नाही, आई म्हणते असल्या ठिकाणी मुलीच्या जातीनं कशाला जायचं, आणि हे काम ऑफिसातलं असतं की पेशंटमधलं तेच कळत नाहीये.

मी हे काम १६ वर्षं करतेय, शहराच्या बाहेरच्या अंगाला, चाळीसेक माणसं राहतात आमच्याकडे, बहुतेक स्किझोफ्रेनिया (भास-संशयाचा आजार) किंवा बायपोलरची (मूड टोकाला वर-खाली होण्याचा), थोडे ओसीडीचे (तेच विचार, तीच कृती परत परत). पुण्यातल्या स्वमदत गटांमध्ये पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, मी पण तेच शब्द वापरते, सवय झालीये.

जमेल का, तर जमेल. सायकॉलॉजी नाही शिकलीस म्हणून अडणार नाही, पण काम काय आहे ते आधी नीट समजून घे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा राउंडला येतात, सायकॉलॉजिस्ट तासभर सेशन घेतात, सिस्टर गोळ्या देतात, मावशी जेवणं-आंघोळी बघतात, नाइटचा ब्रदर फक्त रात्र बघतो आणि घरचे रविवारी दोन तास भेटतात. प्रत्येकाला त्या माणसाचा एक-एक तुकडा दिसतो आणि अख्खा माणूस कुणालाच दिसत नाही. ते तुकडे गोळा करून योग्य माणसाच्या कानावर योग्य वेळी घालायचे हे तुझं काम. बाकी रजिस्टर, बिलं, किराणा, लाइट गेली तर जनरेटर, तेही तुझ्याच गळ्यात पडतं, पण ते कुणीही शिकतं. माझा अनुभव असा की माणूस हातून निसटतो तो कायम सांध्यावर, म्हणजे एक शिफ्ट संपून दुसरी लागते तिथे, घरातून सेंटरला येतो तिथे आणि सेंटरमधून घरी जातो तिथे. मधल्या दिवसांत सहसा काही बिघडत नाही.

एक प्रसंग सांगते, माझ्या हातून झालेली चूक आहे. नोकरीला लागून दोन-अडीच वर्षं झाली होती, एप्रिल महिना, कडक ऊन. पन्नाशीतले एक काका, बायपोलर, लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध), छान स्थिर होते. सकाळी चहा वाटणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, ताई, काकांचा चहा आज परत बशीत सांडला बघा, हात थरथरतोय. मी फोनवर होते, हो का म्हणाले आणि विसरले. दुपारच्या सिस्टरने वहीत लिहिलं, दोनदा जुलाब, ओआरएस दिलं. रात्रीच्या ब्रदरने लिहिलं, चालताना तोल जातोय, वयामुळे असेल. तिघांनी तीन गोष्टी बघितल्या आणि तिन्ही बरोबर होत्या, फक्त एका जागी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काकांची जीभ जड व्हायला लागली तेव्हा आम्ही धावलो, रक्तातली लिथियमची लेव्हल २ च्या वर गेली होती. मग विचारता विचारता कळलं की आधीच्या रविवारी भाऊ गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी देऊन गेला होता, काका गुपचूप दिवसाला दोन घेत होते. हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, सुदैवाने नीट होऊन परत आले. ते परत आल्यावर मी त्यांच्यापाशी जाऊन माफी मागितली, ते म्हणाले मावशींना आधी सांगा, त्यांनी बघितलं होतं.

लिथियमचं गणित तुला माहीत असावं म्हणून सांगते. रक्तातली लेव्हल साधारण ०.६ ते १.० च्या पट्ट्यात ठेवतात, १.५ च्या वर गेली की विषबाधेकडे झुकते, म्हणजे औषध आणि विष यातलं अंतर अगदी कमी. औषध किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे घाम, जुलाब, उलट्या, कमी पाणी, एकदम मीठ बंद, किंवा आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, यातलं काहीही झालं की लेव्हल चढते. आपल्याकडे उन्हाळा तर आहेच, वर निर्जळी उपास करणारे असतात, बीपीसाठी शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून मीठ सोडणारे असतात. हे विचारायला मानसशास्त्राची डिग्री लागत नाही, विचारायचं सुचावं लागतं. (लेव्हलसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतात, हे लॅबवाल्या मुलाला दर वेळी सांगायचं, सकाळची गोळी आधी देऊन बसले तर तो रिपोर्ट काही कामाचा नाही.)

त्यानंतर मी हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना एकमेकांना माहिती देणं, बदलला. आता सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, तिन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटं सगळे उभे राहून बोलतात, वही नंतर. पहिलं बोलायचं मावशींनी, मग ब्रदर-सिस्टर, मी शेवटी. कारण हुद्द्याने मोठा माणूस आधी बोलला की बाकीचे "हो, तसंच" म्हणून मोकळे होतात, आणि मावशीला तर कुणी विचारतच नाही, खरं म्हणजे सगळ्यात जास्त तिनेच बघितलेलं असतं. झोप किती तास झाली, जेवण किती गेलं, संडासला झाली का, चालण्या-बोलण्यात काल-आजमध्ये काय फरक वाटला, कुणाचा फोन आला किंवा कोण भेटायला आलं आणि काय देऊन गेलं, एवढंच बोलतो. संडासचं ऐकून नवीन मुलं लाजतात, पण क्लोझापीनवर (स्किझोफ्रेनियाचं औषध) असलेल्या माणसाला चार-चार दिवस होत नसेल तर ती गंभीर गोष्ट आहे, आतडं अडून माणूस दगावू शकतो. त्याच औषधाला पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना यासाठी रक्त तपासतात, मग अंतर वाढतं, आणि मध्ये कधीही ताप आला किंवा घसा धरला तर क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी).

गोळ्या लपवणं हा रोजचा विषय. जिभेखाली, गालात, कुणी बेसिनमध्ये, एक मुलगा तुळशीच्या कुंडीत पुरायचा. नवीन स्टाफ याला चोर-पोलीस करून टाकतो, तोंड उघड, जीभ वर कर. बघावं लागतं, मी नाही म्हणत नाही, पण तेवढ्यावर थांबलं तर माणूस फक्त जास्त हुशारीने लपवायला शिकतो. त्या कुंडीवाल्या मुलाला मी विचारलं, बाबा रे गोळीने काय होतं तुला? म्हणाला ताई, सकाळी उशी ओली असते लाळेने आणि रूममधले हसतात. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डोस-वेळ बघून बदल केला, आणि उशीला आम्ही दोन अभ्रे आणि खाली प्लास्टिक दिलं. पुरणं बंद झालं. हे कुठल्याही चार्टवर येत नाही.

आता अॅडमिशन. इथे तुला ठाम राहावं लागेल म्हणून जरा सविस्तर लिहिते. फोन येतो, "मॅडम, चार माणसं आणि गाडी पाठवा, तो यायला तयार नाही." किंवा "आम्ही त्याला शिर्डीला जाऊया सांगून आणतो, तुम्ही गेट लावून घ्या." घरचे वाईट नसतात, वर्षानुवर्षं रात्री जागून पिचलेले असतात, त्यांच्यावर चिडू नकोस, पण हो पण म्हणू नकोस. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे, तो एकदा मराठीतून समोर घेऊन बस. स्वतःहून दाखल होणाऱ्याला, म्हणजे कलम ८६, त्याने डिस्चार्ज मागितला की सोडायचं असतं, धोका वाटला तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्यासाठी कलम ८९, तिथे मागच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्र तपासलेलं लागतं, त्यातले एक मानसोपचारतज्ज्ञ, अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा (त्याच्या वतीने बोलायला नेमलेला माणूस), मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं ७ दिवसांत, बाई किंवा अज्ञान मूल असेल तर ३ दिवसांत. या तारखा सांभाळणं हे कोऑर्डिनेटरचं काम आहे, मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवते.

आणि फसवून आणलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते बघितलंय म्हणून सांगते. शिर्डीला म्हणून आणलेला एक जण पहिले दोन महिने माझ्या हातचं पाणी पीत नव्हता, कारण त्याच्या डोक्यात आधीच होतं की सगळे मिळून कट करतायत, आणि आम्ही खरोखरच कट केला होता. त्याच्या आजाराला आम्ही पुरावा दिला. आता मी घरच्यांना सांगते, आधी तुम्ही या, त्याला न आणता, तासभर बोलू. मग शक्य असेल तर मी आणि सोशल वर्कर घरी जातो, चहा पितो, सेंटरचे फोटो दाखवतो, एक दिवस येऊन जेवून जा म्हणतो. वेळ लागतो, तीन-तीन चकरा होतात, पण बरेच जण स्वतःच्या पायाने येतात. अगदीच जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर आणि कायद्याने दिलेला रस्ता, आणि तेव्हाही खरं बोलूनच: आम्ही तुला दवाखान्यात नेतोय, कारण हे हे आहे.

बांधून ठेवणं, कोंडणं याबद्दल पण विचारून घे. साखळी कायद्याने पूर्ण बंद आहे, एकट्याला खोलीत कोंडणंही बंद, आणि शारीरिक अटकाव फक्त तातडीचा धोका टाळायला दुसरा काहीच मार्ग नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ, आणि प्रत्येक वेळेची नोंद. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा २८ माणसं गेली, साखळ्यांनी बांधलेली होती म्हणून पळता आलं नाही. तेव्हा मी कॉलेजात होते, पेपरात वाचलं होतं. आमच्या नाइट स्टाफला ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगते आणि मग बाहेरच्या दारांच्या किल्ल्या कुठे टांगल्यात ते अंधारात शोधून दाखवायला लावते.

आईला सांग की भीती वाटते तसं रोज कुणी अंगावर धावून येत नाही. १६ वर्षांत मला तीनदा लागलं, तिन्ही वेळा आधीच्या शिफ्टमध्ये कुणीतरी त्याचं काहीतरी नाकारलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. परत सांधा. चिडलेल्या माणसाशी बोलताना बाजूला उभं राहायचं, दारात नाही, त्याचा आणि तुझा दोघांचा रस्ता मोकळा पाहिजे, आवाज खाली, आणि एका वेळी एकानेच बोलायचं. चार जण "शांत हो, शांत हो" ओरडले तर कोण शांत होईल?

पुण्यात काम करायचं म्हणजे गणपतीचं प्लॅनिंग आलं. दोन महिने आधीपासून नदीपात्रात पथकांचा सराव सुरू होतो, आणि आमच्याकडे दर वर्षी एक-दोन तरी पथकातली मुलं-मुली असतात. बायपोलरमध्ये झोप मोडली की मेनिया (अति उत्साहाचा बेफाम टप्पा) उसळू शकतो, विसर्जनाची मिरवणूक तर रात्रभर. सुरुवातीला मी सरळ नाही म्हणायचे. एक मुलगी होती, ढोल वाजवणारी, तिने तीन दिवस जेवण सोडलं. मग डॉक्टर, ती आणि मी बसलो आणि ठरवलं, सराव संध्याकाळी दीड तास, सोबत स्टाफ, नऊला परत, साडेदहाला लाइट बंद, मिरवणुकीत दुपारचे तीन तास आणि मग घरी झोप, आणि सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली झोप झाली तर ती स्वतः येऊन सांगणार. झोपेचा तक्ता तिने स्वतः भरला. सातव्या दिवशी सकाळी येऊन म्हणाली, ताई काल चार तास झाले आणि परवा पण, मी आज जात नाही. रडत होती सांगताना. मी पण रडले नंतर, ऑफिसमध्ये. आजार सांभाळत जगणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं, आणि नुसतं नाही म्हणत राहिले असते तर दिसलं नसतं.

घरच्यांचे फोन हा तुझा निम्मा दिवस. "कधी बरा होईल" याला तारीख देऊ नकोस, कुणी कितीही गळ घातली तरी. "आज काय केलं" ते सांग: आज स्वतःहून दाढी केली, ग्रुपमध्ये एक वाक्य बोलला. पण सेशनमधलं खाजगी सांगायचं नाही, आईला पण नाही, तो त्याचा हक्क आहे. आणि भेटीच्या दिवशी कान उघडे ठेव. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९५०-६० च्या दशकांत हेच बघितलं होतं, की हॉस्पिटलमधून सुटल्यावर जिथे घरात सतत टीका, टोमणे किंवा अति-काळजीने गुदमरवणं असतं तिथे आजार जास्त उलटतो. आपल्या घरांत टीका प्रेमाच्या आवाजात येते, "शेजारचा बघ, तुझ्याच वयाचा, फ्लॅट घेतला." मी घरच्यांना भाषण देत नाही, पालकांच्या ग्रुपला बसवते, तिथे दुसरी आईच सांगते की मी हे बोलणं बंद केलं आणि काय झालं. माझ्यापेक्षा तिचं पटतं.

डिस्चार्ज हा सगळ्यात नाजूक सांधा. घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे पेढे वाटून फाइल बंद करतात. तयारी पहिल्या दिवसापासून करायची, कोण घरी असणार, गोळ्या कोणाच्या हातात, जवळ सायकियाट्रिस्ट कोण. आमच्याकडे शेवटच्या महिन्यात पीएमपीची बस एकट्याने, आधी सोबत, मग मागच्या सीटवर आम्ही, मग तो एकटा स्वारगेटला जाऊन परत. जाताना हातात १५ दिवसांच्या गोळ्या, फॉलोअपची तारीख ठरलेली, आणि तिसऱ्या व सातव्या दिवशी माझा फोन, घरच्यांना वेगळा आणि त्याला वेगळा. टेलि-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावायला सांगते, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. क्लोझापीन किंवा तशाच ओलान्झापीनवर असलेला माणूस सेंटरमध्ये सिगारेट-बिडी बंद करतो, डोस त्यावर बसतो, मग घरी जाऊन परत दहा सिगारेटी सुरू, आणि धुरामुळे लिव्हर ते औषध भरभर संपवतं, लेव्हल पडते, दीड महिन्यात आवाज परत ऐकू येतात आणि घरचे म्हणतात गोळ्या तर वेळेवर देतोय. उलटंही होतं, ओढणारा माणूस दाखल झाला आणि एकदम बंद केली की लेव्हल चढते, दिवसभर झोपून राहतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, तंबाखू मळणाऱ्यात तो होत नाही. म्हणून दाखल होताना आणि जाताना दोन्ही वेळा "किती ओढतोस" हे विचारून डॉक्टरांना सांगायचं.

तुझ्याबद्दल. पगार कमी असतो, रात्री फोन येतात, सुट्टीच्या दिवशी पण. पहिल्या वर्षी मी रोज घरी नेत होते सगळं, नवऱ्याशी बोलताना पण त्यांचीच नावं. बाहेरच्या कुणातरी अनुभवी माणसाशी महिन्यातून एकदा बसून बोलायची सोय, सुपरव्हिजन म्हणतात त्याला, ती लेखी मागून घे. एखादा शुभार्थी दगावला तर, आणि एवढी वर्षं राहिलीस तर एखादा जाईल, सगळ्या स्टाफला एकत्र बसवून त्याच्याबद्दल बोलू द्यायचं, मावशींना सुद्धा, त्यांचा तो मुलासारखा असतो.

ऑफर घेण्याआधी विचार: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, सर्टिफिकेट दाखवा. रात्री किती माणसांमागे किती स्टाफ, रात्री दोनला फोन केला तर कोणते डॉक्टर उचलतात. शुभार्थींना फोन करू देतात का, स्वतःचे कपडे घालू देतात का, दाखल झाल्यावर सगळ्यांचे केस कापतात का (सक्तीने कापणं कायद्यात बसत नाही). काम करून घेत असाल, स्वयंपाकघरात, बागेत, तर मोबदला देता का. उत्तरं देताना कुणी चिडलं तर तेही उत्तरच समज.

आणि सही करण्याआधी त्यांना म्हण, मला एक दिवस सकाळी आठच्या हँडओव्हरला नुसतं उभं राहू द्या. तिथे मावशी बोलतात का बघ, आणि त्या बोलताना बाकीचे काय करतायत ते बघ. हँडओव्हर होतच नसेल, किंवा वहीवर सही करून सगळे निघून जात असतील, तर पगार कितीही असू दे, तिथे एकटी अडकू नकोस, दुसरीकडे शोध.